फक्त काच बदलावी

कवळ्या करणाऱ्याला माणूस भेटत नाही. त्याच्या टेबलावर येतो प्लास्टरचा साचा, सोबत दंतवैद्याने खरडलेली चिठ्ठी. साच्यावर मेण चढवायचं, मेणात दात रोवायचे, मेण वितळवून गुलाबी हिरडी ओतायची, घासायची, चकाकी आणायची आणि डबीत घालून पाठवून द्यायची. ते दात कोण लावणार, त्या दातांनी कोण कुणाला चावणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपल्या या गृहस्थांनी बत्तीस वर्षं हे काम केलं आणि त्यांना ते मनापासून आवडलं, कारण माणसं त्यांना फारशी आवडायची नाहीत. सगळे त्यांना दातवाले म्हणत. बायको एरवी 'अहो' म्हणायची, पण चिडली की तीसुद्धा दातवालेच म्हणायची.

घड्याळांचा नाद त्यांना एका म्हाताऱ्या दंतवैद्याने लावला. दवाखाना बंद करताना त्याने आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "तुमची बोटं बारीक कामाची आहेत. बघा, जीव येतो का." ते साधं घड्याळ नव्हतं. कोटाच्या बाहीखाली अलगद सरकेल असं पातळ, फिकट डायलचं, बाजूला दोन बटणं. वरचं बटण दाबलं की मधला केसासारखा बारीक काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. किती मिनिटं झाली ते उजवीकडच्या छोट्या तबकडीवर दिसतं. आणि खालचं बटण दाबलं की दोन्ही काटे टुणकन शून्यावर परत. म्हणजे एकाच डबीत समारंभाला घालायचं घड्याळही आणि शर्यत मोजायचं यंत्रही. असली घड्याळं कधी काळी थोडीच झाली. ज्यांनी केली ते कारखाने बुडाले, आणि सुटे भाग मिळणं बंद झालं त्यालाही आता जमाना लोटला.

दातवाल्यांनी ते चालू केलं. तिथून पुढे सव्वीस वर्षांत त्यांनी अशी अकरा घड्याळं जमवली. छंद हा शब्द ऐकायला गोड आहे. ज्यांच्या घरात छंदिष्ट माणूस आहे त्यांना विचारा. रविवार गेले, सुट्ट्या गेल्या, लग्नाच्या वाढदिवसाला हे गृहस्थ कुठल्याशा जुन्या बाजारात गंजक्या डब्यांत हात घालून उभे. बायको म्हणायची, "घरात अकरा घड्याळं, आणि जेवायला एकदाही वेळेवर नाही."

"ती वेळ बघायला नसतात," ते म्हणायचे.

"मग काय बघायला असतात?"

याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. त्यांना स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

बारावं घड्याळ अपुरं होतं. सगळ्यांत पातळ, सगळ्यांत दुर्मीळ, डायल दुधासारखी स्वच्छ, एक डाग नाही. काटा धावायचा, थांबायचा, फक्त शून्यावर परत यायचा नाही. आतली हातोडी तुटलेली होती. हातोडी म्हणजे नखाएवढा पोलादाचा तुकडा, दोन पायांचा. खालचं बटण दाबलं की तो बदामाच्या आकाराच्या दोन चकत्यांवर आदळतो आणि काट्यांना हाकलून घरी पाठवतो. त्या एका तुकड्यासाठी दातवाल्यांनी नऊ वर्षं घालवली. देशोदेशी पत्रं लिहिली. 'हाच तो' म्हणून पाठवलेले चार चुकीचे तुकडे परत केले. दात घासायच्या कानशीने स्वतः तीन हातोड्या घडवल्या. तिसरी जवळजवळ जमली होती. काटा शून्याच्या अर्धा सेकंद अलीकडे थांबायचा. कुणाला दिसणार होता तो अर्धा सेकंद? त्यांना दिसायचा, आणि मग जेवण गोड लागायचं नाही.

अशातच बाजारपेठेतला घड्याळजी गेला. चाळीस वर्षं एका जिन्याखाली भिंग लावून बसलेला माणूस, दुकानातच कोसळला. त्याच्या बायकोने दातवाल्यांना बोलावून घेतलं. खण भरभरून चाकं, स्प्रिंगा, काचा, चाव्या. "मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कळतं. घेऊन जा आणि ही जागा मोकळी करा. मालक रोज येऊन दारात उभा राहतोय." शेवटी तिने एक पुठ्ठ्याचं खोकं पुढे सरकवलं. त्यात खाकी लिफाफे होते. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेली घड्याळं.

या धंद्यात एक रीत आहे. गेलेल्या कारागिराचा माल जो उचलतो, तो त्याचे लिफाफेही सांभाळतो. एक वर्ष. गिऱ्हाईक पावती घेऊन आलं तर घड्याळ जसं असेल तसं परत द्यायचं. वर्ष उलटलं की मग तुमचं. दातवाल्यांना ही रीत पाठ होती. दुसऱ्यांनी मोडली तर तावातावाने बोलणाऱ्यांतले ते एक. खोकं त्यांनी कपाटावर ठेवलं आणि एकोणीस दिवस त्याच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

विसाव्या दिवशी स्टूल घेतलं. 'कुणाची आहेत ते तरी बघून ठेवावं' असं स्वतःला सांगितलं. आपण स्वतःला काय वाट्टेल ते सांगू शकतो, ऐकणारा नेहमी राजी असतो.

चौदाव्या लिफाफ्यात ते होतं. त्यांच्या बाराव्या घड्याळाचा सख्खा भाऊ. तीच डबी, तेच यंत्र. काचेला आडवी चीर गेलेली. लिफाफ्यावर घड्याळजीच्या किरट्या अक्षरात नंबर होता आणि त्याखाली दोन ओळी: 'फक्त काच बदलावी. बटणांना हात लावू नये.'

आता हीच ओळ तुम्ही-आम्ही वाचली असती तर मनात आलं असतं, का बरं? कुणी लिहायला लावलं असेल? पण दातवाल्यांनी ती कारागिराच्या डोळ्यांनी वाचली. बटणांना हात लावू नये म्हणजे बटणांमागचं काहीतरी मोडलंय. म्हणजे हातोडी गेली. नऊ वर्षांनी सापडलं ते नेमकं त्याच जागी लुळं!  खात्री करून घ्यायला त्यांनी अंगठा खालच्या बटणावर ठेवला आणि हळूच दाबला.

टक्.

दोन्ही काटे शून्यावर. तंतोतंत. केसाचा फरक नाही.

दातवाले खुर्चीत बसल्या बसल्या हसले. बायको आतून म्हणाली, "काय झालं? कुणाचा जबडा सापडला?"

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. यंत्र उघडलं, हातोडी निघाली, बाराव्यात बसली, आणि बारावं घड्याळ नऊ वर्षांनी पुरं झालं. उरलेलं घड्याळ एका डबीत. त्याची डायल मात्र पार गेलेली होती. कधी काळची मलईच्या रंगाची तबकडी उन्हाने चहासारखी तपकिरी झालेली, आणि काटे वर्षानुवर्षं एकाच जागी उभे राहिल्याने त्यांच्याखाली फिकट सावल्या उमटलेल्या. तास-मिनिटाच्या काट्यांच्या रुंद पानांसारख्या, बाकीच्या बारीक. असली डायल म्हणजे या लोकांच्या दृष्टीने मढं. त्यांनी ती डायल रंगवणाऱ्याकडे पाठवून दिली, खरवडून नवी करायला. लिफाफा फाडून टाकला.

दीड महिन्याने दुपारी दारावर थाप पडली. सत्तरीच्या पुढची एक बाई, उंच, ताठ, हातात जुनी पर्स.

"दातवाले म्हणतात ते तुम्हीच ना? घड्याळजीच्या बायकोने पत्ता दिला." त्यांनी पर्समधून पावती काढली. "आमच्या ह्यांचं घड्याळ. काच बदलायला टाकलं होतं. मग ते आजारी पडले, राहूनच गेलं. आता ते नाहीत. पावती त्यांच्या पाकिटात सापडली."

दातवाल्यांनी पावतीवरचा नंबर बघितला. तो त्यांना बघायचीही गरज नव्हती.

"बसा," ते म्हणाले. "त्याचं काम... थोडं बाकी आहे."

"काचेचं राहू द्या. मला फक्त एकदा बघायचंय. काटे जिथे होते तिथेच आहेत ना? त्यांनी घड्याळजीला लिहून ठेवायला लावलं होतं, बटणांना हात लावायचा नाही."

खोटं बोलायला एक तयारी लागते, ती दातवाल्यांकडे नव्हती. ते गप्प राहिले, आणि तेवढं पुरलं.

"दाबलंत," बाई म्हणाल्या.

"यंत्र तपासायला..."

"दाबलंत. बरं. दाबायच्या आधी काटे कुठे होते?"

दातवाल्यांनी डोळे मिटले. त्यांना त्या घड्याळाच्या, पट्टा अडकवायच्या कानावरचा ओरखडा आठवला. झाकणाच्या आतला आकडा आठवला, पाचही अंकांसकट. एका स्क्रूची खाच किंचित फाटलेली होती, ते आठवलं. काटे कुठे उभे होते ते आठवेना, कारण ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

"नाही लक्षात," ते म्हणाले.

बाई बराच वेळ पावतीची घडी करत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही हलला नाही. पुष्कळ वेळा मनात म्हणून झालेलं असणार.

"आमचे हे रेडिओवर बातम्या वाचायचे. सेकंदावर चालणारा माणूस, म्हणून ते घड्याळ. आमच्या मुलीला फिट्स यायच्या. सहा वर्षांची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फिट आली की वेळ मोजायची, आणि पाच मिनिटांच्या वर गेली की कशाचीही वाट न बघता हॉस्पिटलच्या गाडीला फोन करायचा. त्या दिवशी फिट आली आणि घरात औषध नव्हतं. मी औषध आणायला पळाले. हे तिच्यापाशी थांबले, घड्याळ सुरू केलं. पहिलं दुकान बंद होतं. मी परत आले तेव्हा वीस मिनिटं झाली होती. हे म्हणाले, फोन केलाय, गाडी निघालीय. गाडी आली तिच्या वेळेने. हॉस्पिटलमध्ये तो डॉक्टर म्हणाला, दहा मिनिटं आधी आणली असतीत तर."

आतल्या खोलीच्या दारात दातवाल्यांची बायको येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातलं फडकं तसंच होतं.

"मी यांना विचारलं, फोन कधी केलात? हे म्हणाले, पाच मिनिटं झाली आणि लगेच. घड्याळ बंद केलं आणि फोन उचलला, बघ, अजून तसंच आहे. मी बघितलं नाही. मला माहीत होतं, हा माणूस घाबरला असणार, हातपाय गाळून बसला असणार. पंधरा मिनिटांनी केला असेल फोन. साधी मोलकरीण काढायची तरी मला पुढे करणारा माणूस! त्यांनी ते घड्याळ बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं. खिडकीसमोर. मी येता-जाता बघावं म्हणून. छत्तीस वर्षं. मी ते कपाट दर आठवड्याला पुसायचे. मान फिरवून पुसायचे. शेवटी एकदा हातातून पडलं आणि काच तडकली, तेव्हाही फडक्यात गुंडाळून यांच्याकडे दिलं."

"आणि आता?" दातवाल्यांच्या बायकोने विचारलं.

"आता बघायचंय," बाई म्हणाल्या. "कुणी 'बघ' म्हणणारं उरलं नाही ना."

 दातवाले एकदम म्हणाले, "सावल्या!"

"काय?"

"डायलवर काट्यांच्या सावल्या आहेत. काटा जिथे उभा होता तिथे ऊन लागलं नाही. ताई, मला आठवडा द्या."

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "डायल कुठाय?"

त्यांनी सांगितलं.

"शाब्बास! मेलेल्या माणसाचं लिहिलेलं वाचायचं, आणि त्याच्या उलट करायचं. अहो, कुणी 'हात लावू नका' म्हटलं तर तुमच्या मनात एवढंच आलं, की काहीतरी मोडलंय? माणसाला काही कारण असेल, असं नाही आलं?"

"नाही आलं," दातवाले म्हणाले, आणि चप्पल पायात सरकवली.

डायल रंगवणारा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गॅरेजच्या वर राहायचा. थिनरच्या वासाने खोली भरलेली, खिडकीच्या कट्ट्यावर डायली वाळत घातलेल्या. हा माणूस आळशी म्हणून सगळ्या संग्राहकांत प्रसिद्ध होता. त्याच्याकडे दिलेलं काम सहा महिने बघायचं नाही असा अलिखित करार. दातवाले आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आळसाची आळवणी करत जिना चढले.

"तुझी डायल? तीच ना, टोस्टसारखी भाजलेली?" तो म्हणाला. "अरे, तुझं नशीब थोर. कालच घेतली हातात."

दातवाल्यांनी हात पुढे केला.

"दाखव."

"रंग कसा सुटतोय ते बघायला खालची कड पुसली फक्त. थांब, आणतो. एवढा का घामाघूम झालायस? तुला नवीकोरी करून देतो, कुणाला संशय येणार नाही..."

"दाखव म्हणतो ना!"

खालची कड पुसलेली होती, सहाच्या आसपास. तिथलं सगळं गेलं होतं, खालच्या पितळेपर्यंत. दातवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं, डायल खिडकीपाशी नेली. तासाच्या आणि मिनिटाच्या काट्यांच्या रुंद सावल्या सहज दिसत होत्या, त्यांचं काम नव्हतं. मधल्या लांब काट्याची सावली म्हणजे केसाएवढी रेघ. ती वर होती, बाराच्या किंचित उजवीकडे. चौथ्या सेकंदावर. मग छोटी तबकडी. तिच्यातली सावली आखूड, पुसट, पण स्वच्छ. पाचाच्या रेघेवर.

त्यांनी तीनदा वाचलं. पाच मिनिटं, चार सेकंद.

"काय दिसलं एवढं?" डायलवाल्याने विचारलं.

"खरं बोलत होता," दातवाले म्हणाले.

"कोण?"

दातवाल्यांनी डायल रुमालात गुंडाळली आणि ते जिना उतरले. त्यांना इतकं हलकं वाटत होतं की रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने शिवी घातली तीही त्यांनी हसून घेतली. त्यांना वाटलं, आपण केलेलं निस्तरलं. बाईंना सांगायचं, तुमचा नवरा खोटं बोलला नव्हता. याहून चांगली बातमी काय असते? बत्तीस वर्षं साचे बघून माणसाची एवढीच समज होते.

घरी येऊन त्यांनी बारावं घड्याळ उघडलं, हातोडी काढली आणि ज्या घड्याळाची होती त्यात परत बसवली. बायको समोर बसली होती. तिने याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि हे तिच्या बाबतीत लिहून ठेवण्यासारखं आहे. पुढचे चार दिवस यंत्र धुणं, तेल देणं, डायल बसवणं, नवी काच शोधून घासून बसवणं यात गेले. पाचव्या दिवशी सकाळी घड्याळ चालू झालं. आता काटे पूर्वीच्या जागी न्यायचे होते. त्याला एकच सरळ रस्ता होता. वरचं बटण दाबायचं आणि तेवढा वेळ थांबायचं.

त्यांनी दाबलं. काटा निघाला.

पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटात बायको उठून खिडकी लावून आली. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार ओढलं. तिसऱ्या मिनिटात दातवाल्यांना वाटलं, घड्याळ मंद चालतंय, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. बरोबर होतं. चौथ्या मिनिटात बायको म्हणाली, "किती राहिलं?"

"सव्वा मिनिट."

"अजून?"

ती उभी राहिली, पुन्हा बसली. "सहा वर्षांचं पोर समोर झटके देतंय," ती म्हणाली, "आणि हा माणूस काट्याकडे बघत बसला. डॉक्टरने पाच सांगितली म्हणून पाच. मी तर तिसऱ्या सेकंदाला फोन केला असता."

 काटा पाचव्यांदा बारावर आला, छोट्या तबकडीतला काटा पाचावर सरकला. एक, दोन, तीन, चार. त्यांनी बटण दाबलं. दोन्ही काटे आपापल्या सावल्यांवर असे बसले, की सावल्या दिसेनाशा झाल्या.

बाई ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला आल्या. दातवाल्यांनी टेबलावर मऊ कापड पसरून त्यावर घड्याळ ठेवलं होतं. बाईंनी चष्मा बदलला, पण लगेच बघितलं नाही. आधी खोलीभर नजर फिरवली, शेल्फावरच्या साच्यांवर, दातवाल्यांच्या बायकोवर. मग खाली बघितलं.

"मला वाचता येत नाही यातलं. सांगा."

"हा लांब काटा सेकंदांचा. चार. हा छोटा मिनिटांचा. पाच. पाच मिनिटं चार सेकंद, ताई. फोन त्यांनी वेळेवरच केला होता." दातवाले हसऱ्या चेहऱ्याने बाईंकडे बघत राहिले.

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त टेबलाच्या कडेवरची बोटं पांढरी झाली.

"चूक असू शकते?" त्यांनी विचारलं.

"सावलीत? फार तर एका सेकंदाची."

"तुम्ही जुळवताना?"

"नाही."

"बरं."

तेव्हा कुठे दातवाल्यांच्या ध्यानात आलं की ही बाई इथे सुटायला आली नव्हती. छत्तीस वर्षं जे धरून ती उभी होती, तेच शाबूत आहे का, हे बघायला आली होती. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने कपाळाला हात लावला. मग दातवाल्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. नेमक्या उत्तरात फट शोधली.

"एक आहे," ते म्हणाले. "ही छोटी तबकडी तीसपर्यंतच मोजते. तीस झाले की काटा पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पस्तीस मिनिटं झाली असती, तरी ती पाचच दाखवेल."

बाईंनी चटकन मान वर केली. "पंधरा झाली तर पाच दाखवेल?"

"नाही."

"वीस?"

"नाही. पस्तीस. नाहीतर पासष्ट."

"वीस मिनिटांनी मी घरात होते," बाई म्हणाल्या. "घड्याळ तेव्हा बंदच होतं, त्यांनी मला दाखवायला पुढे केलं होतं. नका हो. तुम्हाला जमत नाही."

दातवाल्यांनी मान खाली घातली.

"मी त्यांना छत्तीस वर्षं जेवायला वाढलं," त्या म्हणाल्या. "समोर बसले नाही एकदाही. वाढायचं आणि स्वयंपाकघरात जायचं. हॉस्पिटलमध्ये शेवटी त्यांनी पाणी मागितलं, ते नर्सने पाजलं. मी खोलीत होते." त्यांनी चष्मा पुन्हा बदलला. "औषध संपलंय हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. ऑफिसातून येताना आणायचं होतं. पाय दुखत होते, म्हटलं उद्या आणू. हे त्यांना ठाऊक होतं. रिकामी बाटली त्यांनीच दाखवली होती मला, त्याच सकाळी. कधी बोलले नाहीत. मी एवढं बोलायचे, पण हे एक वाक्य त्यांनी कधी काढलं नाही."

"ताई, पाणी देऊ?" दातवाल्यांची बायको म्हणाली.

"नको."

त्यांनी घड्याळ उचललं. पर्समध्ये ठेवलं नाही. दोन्ही तळहातांवर आडवं धरलं, काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसं, आणि तशाच निघाल्या. दातवाल्यांनी दार उघडलं. कठडा धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून बायको त्यांच्या मागोमाग जिना उतरायला गेली.

दातवाले टेबलापाशी येऊन बसले. बारावं घड्याळ उघडंच पडलं होतं, हातोडीची जागा रिकामी. त्यांनी चिमटा उचलला, खाली ठेवला.

बायको परत आली ती एकटीच.

"खालच्या वळणावर बसल्यात," ती म्हणाली. "पायरीवर. उठवलं तर उठत नाहीत. वरच्या मजल्यावरचे भाजी घेऊन आले, त्यांना जायला जागा दिली आणि पुन्हा तिथेच."

"रडतायत?"

"नाही. ते तरी करतील तर बरं." तिने फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "जा तुम्ही."

"मी? मी जाऊन काय सांगू?"

"आता सांगायला काय ठेवलंयत तुम्ही? नुसतं जाऊन बसा."

दातवाल्यांनी दिवा बंद केला, चष्मा खिशात घातला आणि ते जिन्याकडे गेले.